पडद्यावरचा मोरपंखी

वेबसाइट कशी दिसते हे बघायला आमचे पेंटर रस्ता ओलांडायचे.

हे मी ज्यांना सांगते त्यांना वाटतं की मधलं काहीतरी सांगायचं राहिलं. काहीही राहिलेलं नाही. डोंबिवली पूर्वेला एका पिठाच्या गिरणीवर, पहिल्या मजल्यावर, आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. बाहेरच्या खोलीत मालक. आतल्या खोलीत खिडकीला टेकून टेबल आणि त्यावर चौदा इंची मॉनिटर. पान तयार झालं की पेंटर मॉनिटर दोन्ही हातांनी धरून रस्त्याकडे फिरवायचे, चपला घालायचे, जिना उतरून गिरणीतल्या पिठातून वाट काढत समोरच्या फरसाणवाल्याच्या पायरीवर जाऊन उभे राहायचे आणि डोळे बारीक करून वर बघायचे. मग तिथूनच हाक यायची, "अगं, खालची ओळ वाचता येत नाय. मोठी कर."

मी खिडकीतून ओरडायची, "पेंटर, लोक हे पान दीड फुटावरून बघणार आहेत."

"लांबून वाचता येतं ते जवळून पण वाचता येतं. उलटं करून बघ बरं."

मग मी अक्षर मोठं करायची. फरसाणवाल्यालाही हळूहळू आमच्या प्रत्येक वेबसाइटबद्दल मत असायला लागलं. दाढी करून ताजातवाना आलेला असेल त्या दिवशी तो रंगांबद्दलसुद्धा बोलायचा. पेंटर त्याचं ऐकायचे आणि माझं ऐकायचे नाहीत, याचा मला भयंकर राग यायचा.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा सुमार होता. मी नुकताच कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, आणि वडील सरकारी नोकरीत असल्यामुळे मी बँकेच्या परीक्षा देत राहाव्या असं घरात सर्वानुमते ठरलेलं. मी काय काम करते हे आईला समजावून सांगायचा मी एकदाच प्रयत्न केला. "आमच्याकडे एक पेंटर आहेत, ते चित्र काढतात आणि मी..." एवढ्यावर आईने विचारलं, "अजून रंगकामच चाललंय का ऑफिसचं?" त्यानंतर मी तो नाद सोडला.

पेंटरांना नाव होतं, आडनाव होतं, पण कोणी 'सर' म्हटलं की ते मागे वळून बघायचे, जणू कोणी दुसराच आत आलाय. मालकांपासून टपालवाल्यापर्यंत सगळे पेंटरच म्हणायचे. ते मूळचे ठाण्याजवळच्या बाळकुमचे कोळी. खाडीत वडिलांची होडी होती, आणि मिसरूड फुटायच्या आत त्यांनी गावातल्या सगळ्या होड्यांवर नावं रंगवायला घेतली. होडीवरचं नाव पलीकडच्या काठावरून वाचता आलं पाहिजे, नाहीतर घरच्या बाईला कसं कळणार कोण परत आलं ते. हा त्यांचा पहिला धडा आणि तोच शेवटपर्यंतचा. पुढे दुकानांच्या पाट्या आल्या, भिंती आल्या. ठाण्यापासून पार मोहन्यापर्यंत त्यांच्या हातची अक्षरं होती. रिक्षातून जाताना ते बाहेर न बघता सांगायचे, "आता डाव्या हाताला माझा 'क्ष' येईल." आणि यायचा.

मग कॉम्प्युटरवर अक्षरं कापून देणारी यंत्रं आली, मागोमाग छापील फलक आले. सकाळी सांगा, दुपारी न्या. पेंटरांचं काम सहा महिन्यांत बसलं. एकदाच ते या विषयावर बोलले. "वर्षभर मी घरात कोनाशी बोललो नाय गं. बायको बोलायची, माझ्याशी नाय तर निदान भिंतीशी तरी बोल. भिंतींशी तर माझं भांडणच झालेलं." मग एक दिवस त्यांनी शिडी विकून टाकली आणि ज्याने पोटावर पाय दिला त्याच यंत्राच्या क्लासात जाऊन बसले. वय अठ्ठेचाळीस, डावीकडे-उजवीकडे बारावी झालेली पोरं. क्लासवाल्या सरांनी विचारलं की तुम्ही मुलाच्या ऐवजी आलात का, तर म्हणाले, "नाय, वडलांच्या ऐवजी."

तर असे पेंटर चित्र काढायचे आणि मी त्या चित्राचे तुकडे करून कोड लिहायची. चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा जीव होता, पण त्यातल्या एका सोयीशी त्यांचं हाडवैर होतं. ती म्हणजे केलेली चूक एका झटक्यात मागे घेणारी कळ. "चूक पुसता येते म्हटल्यावर मानूस हात सैल सोडतो," ते म्हणायचे. "शिडीवर वीस फूट वर उभा राहून रंगव, मग कळेल." त्यांनी स्वतःला दिवसाला एकच चूक मागे घ्यायची मुभा दिली होती आणि तिचा हिशेब माझ्याकडे सोपवला होता. दुपारी चारच्या सुमाराला त्यांच्या टेबलावरून विचारणा व्हायची, "आजचं हाय का शिल्लक?" मी म्हणायची, "सकाळी वापरलंत." "मग उद्याचं दे." एकदा तर त्यांनी पुढच्या गुरुवारपर्यंतचं सगळं वापरून टाकलं आणि गुरुवारपर्यंत खरंच एकही चूक केली नाही. मला वाटतं त्या आठवड्यात ते श्वाससुद्धा जपून घेत होते.

अक्षरामागे सावली पाडायची सोय मात्र त्यांना फार आवडायची, कारण पाटीवरच्या अक्षराला शेड मारणं ही त्यांची खास कला. पण सॉफ्टवेअर आपल्या मनाने कुठल्याही बाजूला सावली टाकतं हे त्यांना सहन व्हायचं नाही. "दुकानाचं तोंड कुठं हाय ते त्याला माहीत नाय आनि हा सावली टाकतो?" म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न, दुकानाचं तोंड कुठल्या दिशेला. लोकांना वाटायचं वास्तुशास्त्राचं काहीतरी असेल. ते आदराने सांगायचे.

मी एकदा मुद्दाम खोडी काढली. "पेंटर, दुकानाचं सोडा. इंटरनेटचं तोंड कुठे?"

पेंटर दोन दिवस त्याच विचारात होते. जेवतानाही तेच. तिसऱ्या दिवशी आल्या आल्या माझ्या टेबलापाशी उभे राहिले. "नकाशात अमेरिका डाव्या हाताला. बगनारे सगळे तिकडं. म्हणजे आपलं तोंड पश्चिमेला. ऊन संध्याकाळचं, डावीकडून. सावली उजवीकडं." त्यानंतर आमच्या सगळ्या वेबसाइटवर कायम संध्याकाळ असायची.

ब्राउझर तेव्हा दोन होते आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. पेंटर त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचे. एकच पान थोरलीत सरळ दिसायचं आणि धाकटीत चौकटी एकमेकींच्या अंगावर पडायच्या. धाकटीचं समाधान केलं की थोरली पानाची उजवी बाजूच गिळून टाकायची. माझ्या दृष्टीने हा कोडचा प्रश्न होता. पेंटरांच्या दृष्टीने तो घरातला प्रश्न होता. "दोघींचा मान राखायचा. एकीला आधी विचारलं की दुसरी फुगते." म्हणून सोम-बुध-शुक्र पान आधी थोरलीत उघडायचं, मंगळ-गुरू-शनी धाकटीत. मी याला हसायची. पण एका मंगळवारी मी घाईत आधी थोरलीत उघडलं आणि धाकटीने सगळा कॉम्प्युटरच बंद पाडला. त्या दिवसापासून मीही वार पाळायला लागले, आणि हे मी आजवर एकाही शिकल्यासवरल्या माणसाला सांगितलेलं नाही.

तरी मनातून त्यांना ब्राउझरची चीड होती. "पाटी रंगवली की रंगवली. बगनारा मानूस बदलला म्हणून अक्षर बदलतं का कधी? मारवाडी बगो नायतर बामन बगो, 'किराणा' म्हणजे 'किराणा'." हे बोलताना बाळकुमची बोली वर यायची आणि मालक बाहेरच्या खोलीतून खोकायचे.

जाहिरातींबद्दलची त्यांची मतं तर मालकांना फारच महाग पडायची. तेव्हा दुसऱ्याच्या वेबसाइटवर वरती लांबट पट्टी देऊन जाहिरात करायची नवी टूम निघाली होती. ही पट्टी लुकलुकायची, थरथरायची, तिच्यातून अक्षरं धावत जायची. पेंटरांनी उमेदीत शेकडो भिंतींवर जाहिराती रंगवल्या होत्या, त्यामुळे याबाबतीत ते स्वतःला घरचा माणूस समजत. त्यांचा नियम असा की भिंत ज्याची, त्याच्या घरात आधी चहा प्यायचा, त्याच्या तुळशीवृंदावनाला रंग द्यायचा आणि मगच भिंतीला हात लावायचा. "इथं कोनी कोनाला इचारत नाय. मानूस आपल्या कामाला पानावर आलेला, आनि ही बया मधे उभी राहून डोळा मारते."

कल्याणच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांना तशीच पट्टी हवी होती. जोरात लुकलुकली पाहिजे, अशी ताकीद होती. पेंटर आधी नाही म्हणाले, मग आमच्या मालकांनी हात जोडल्यावर हो म्हणाले. पट्टी तयार झाली. कार्यालयवाले स्वतः ऑफिसात आले, खुर्ची ओढून बसले, पट्टीकडे बघत राहिले.

"ही हलत नाही," ते म्हणाले.

"हलते. थांबा जरा," पेंटर म्हणाले.

आम्ही चौघं त्या पट्टीकडे बघत बसलो. गिरणीचा आवाज येत होता. आमच्या मालकांना घाम फुटला होता. चार मिनिटांनी ती पट्टी एकदाच, अगदी हळू, पापणी मिटावी तशी लवली. कार्यालयवाल्यांनी नकळत सुस्कारा सोडला. "पुन्हा दाखवा," ते म्हणाले, आणि आम्ही पुन्हा चार मिनिटं बसलो. शेवटी त्यांनी ती तशीच ठेवली. म्हणाले, घरी बायकोलाही बघायला बसवतो. पेंटर त्या दिवशी इतके खुशीत होते की त्यांनी दुसऱ्या दिवसाचं चूक मागे घेणं मला बक्षीस देऊन टाकलं.

आता मानपाड्याचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच मी हे लिहायला बसले, आणि एवढा वेळ इकडेतिकडे करत राहिले कारण त्यात माझी काही शोभा नाही.

मानपाड्याच्या एका कारखान्यात कापड रंगवायचे रंग बनत. तिथल्या शेठना वेबसाइट हवी होती, आणि तिच्यात त्यांच्या बहात्तर रंगांचा तक्ता. प्रत्येक रंगाचा कापडाचा तुकडा त्यांनी आमच्याकडे पाठवला. परदेशातल्या गिऱ्हाइकाने पडद्यावर रंग बघायचा आणि माल मागवायचा, अशी कल्पना. एवढं मोठं काम आमच्याकडे आलं नव्हतं. पेंटर त्या तुकड्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले आणि एकेक तुकडा उन्हात धरून त्याच्याशी हलक्या आवाजात बोलायला लागले. राणी, डाळिंबी, मोतिया, मोरपंखी. घरात वर्षभर न बोललेला हा माणूस, आणि आता बोलणं थांबत नव्हतं.

त्याच आठवड्यात मालकांनी मला बाहेरच्या खोलीत बोलावलं आणि दार ओढून घेतलं. "हे काम नीट पार पडलं तर ठीक. फसलं तर पेंटरांना नारळ. या वयात त्यांना किती दिवस सांभाळू? त्यांच्या जागी तू. चित्रही तू, कोडही तू. त्यांना काही बोलू नकोस."

मी बोलले नाही. मला ती जागा हवी होती. चित्र काढायच्या कॉम्प्युटरसमोर मी बसतेय, बाहेर माझ्या नावाची पाटी आहे, बँकेच्या परीक्षांचा विषय घरात कायमचा संपलाय, हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या दिसलं. पेंटरांकडे शिडी नाही, परत चढायला भिंतही नाही, हेही मला माहीत होतं. ते मी मनातल्या मनात बाजूला सारलं.

चार-सहा दिवसांनी पेंटर समोरच्या पायरीवर गेले असताना मी मॉनिटरवरचं पीठ पुसायला घेतलं. मॉनिटरच्या खालच्या कडेला उजेड आणि गडदपणा कमीजास्त करायची दोन छोटी चाकं होती. त्या चाकांभोवती तेलरंगाचे ठिपके होते. खसखशीएवढे. एक राणी, एक डाळिंबी, एक मोतिया, त्यांच्या पलीकडे आणखी कितीतरी, प्रत्येकापाशी केसाएवढी रेघ आणि वळणदार बारीक आकडा. इतकं देखणं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आधी मी बघतच राहिले, आणि मग मला त्या ठिपक्यांचा अर्थ कळला.

पेंटर कापडाचा तुकडा पडद्याला लावायचे आणि रंग जुळेपर्यंत चाक फिरवायचे. डब्यात थोडं पांढरं, थोडं काळं घालावं तसं. जुळला की तिथे ठिपका. म्हणजे रंग पानात नव्हताच, तो आमच्या त्या एका मॉनिटरच्या चाकांत होता. दुसऱ्या कुठल्याही पडद्यावर ते बहात्तर रंग काय वाटेल ते दिसणार होते. कॉम्प्युटर शिकलेल्या कुठल्याही पोराने ही चूक केली नसती, आणि इतक्या मन लावून तर नक्कीच केली नसती.

मी सांगायला हवं होतं. तेव्हाच खिडकीतून ओरडून सांगता आलं असतं. मी फडकं घडी करून ठेवलं आणि माझ्या टेबलावर जाऊन बसले. पुढचे पंधरा दिवस पेंटर रोज एखादा तुकडा पडद्याशेजारी धरून मला हाक मारायचे, "बघ गं, बसला ना रंग?" आणि मी म्हणायची, "बसला."

मानपाड्याला आम्ही तिघं रिक्षाने गेलो. पेंटरांनी लग्नाला घालायचा पांढरा शर्ट घातला होता. शेठच्या केबिनमध्ये नवा कोरा कॉम्प्युटर होता. शेजारी त्यांचे रंगमास्तर उभे, मोहन्याहून येणारे, साठीचे, हात मनगटापर्यंत निळे. तीस वर्षं रंग घोटून त्यांचे तळहात आता धुऊनही पांढरे होत नसत. फ्लॉपीवरून पान उघडलं. मास्तरांनी खिशातून मोरपंखी तुकडा काढला आणि पडद्याला लावला.

"हा मोरपंखी?" ते म्हणाले. "हे तर शेवाळ."

मग राणीचा तुकडा लावला. "हा वांग्याचा रंग." मग मोतिया. "हे काय, ताक?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला बरोबर कळली. मी खाली बघितलं. पेंटर पुढे झाले, वाकले आणि मॉनिटरची खालची कड चाचपायला लागले, चष्मा हरवलेला माणूस उशी चाचपतो तसे. नव्या मॉनिटरला चाकं नव्हती. तिथे सपाट बटणं होती, आणि ती दाबली की पडद्यावर भलतीच यादी उघडायची. ते दोन-तीनदा दाबून थांबले. मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा घरी जाऊन बसणार आणि पुन्हा बोलणार नाही.

"दुसरा कॉम्प्युटर हाय का?" त्यांनी विचारलं.

हिशेबनिसाकडे होता. सगळे तिकडे गेले. तिथे तोच मोरपंखी निळा दिसला, आभाळी निळा. पेंटरांनी तुकडा लावून बघितला. मग कोठारात एक जुना होता, तिथे गेलो. तिथे मोरपंखी चक्क राखाडी. आणि इथे, कोठारात, गोण्यांच्या मधे, पेंटरांना हसू फुटलं. आधी खुदकन, मग कंबरेत वाकून.

"मास्तर, तीन पडदे, तीन मोरपंखी. आनि मी मेला महिनाभर चाकं फिरवत एकाच्या मागे लागलो होतो. मना वाटायचं मी रंग बनवतोय." ते तुकडा हातात घेऊन पुन्हा केबिनकडे पळाले, तिथून हिशेबनिसाकडे, तिथून परत कोठारात, आणि त्यांच्या मागे मास्तर, मास्तरांच्या मागे शेठ, शेठच्या मागे आम्ही, आणि आमच्या मागे कामं टाकून आलेले दहा-बारा कामगार. कोणी म्हणायचं हा जवळचा, कोणी म्हणायचं तो. हिशेबनीस आपल्या पडद्याची बाजू घेऊन भांडायला लागला. शेवटी मास्तरांनी पेंटरांच्या हातातला तुकडा ओढून घेतला आणि सगळ्यांना बाहेर अंगणात उन्हात नेलं.

"हा मोरपंखी," ते तुकडा वर धरून म्हणाले. "तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगतोय, कापड हातात घेतल्याशिवाय, उन्हात बघितल्याशिवाय रंग घेऊ नका. कोणी ऐकत नाही."

"मग हेच लिहू की," पेंटर म्हणाले. "पानाच्या डोक्यावर, मोठ्या अक्षरात. पडद्यावरचा रंग खरा मानू नका. आवडेल त्यावर खूण करा, पत्ता लिहा, कापडाचा तुकडा पोस्टानं पाठवतो."

मालक म्हणाले, "अहो पेंटर, आपलाच माल खोटा दिसतोय असं कोणी जाहिरातीत सांगतं का?"

"तोच मानूस सांगतो ज्याचा माल खरा हाय."

शेठनी मास्तरांच्या निळ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमचे मास्तर हेच बोलतात. लिहा. पण मास्तरांचं नाव पण टाका खाली." मास्तरांनी लगेच हात पाठीमागे लपवले आणि कोठारात काम आहे म्हणून निघून गेले.

मी तिथेच हिशेबनिसाच्या कॉम्प्युटरवर बसून ती ओळ आणि पत्त्याचा फॉर्म लिहिला. पेंटर मागे उभे राहून अक्षर मोठं करायला सांगत होते, आणि अर्थातच दारापर्यंत मागे जाऊन तिथून वाचत होते.

परतीच्या रिक्षात मालक पुढच्या चौकात उतरले. आम्ही दोघंच राहिलो. पेंटर गुणगुणत होते. माझ्याने राहवलं नाही.

"पेंटर, मला माहीत होतं. चाकांचं. मी ठिपके बघितलेले."

"कधी?"

"पंधरा दिवस झाले."

ते गुणगुणायचे थांबले. मग मी सगळंच सांगून टाकलं. मालक काय म्हणाले, मला काय हवं होतं, मी गप्प का राहिले. रिक्षावाला आरशातून बघत होता. पेंटर बाहेर बघत राहिले; त्यांच्या एका जुन्या पाटीसमोरून आम्ही गेलो आणि त्यांनी ती दाखवलीसुद्धा नाही.

"जागा पायजे वाटणं काय वाईट नाय," ते शेवटी म्हणाले. "पन मी रोज विचारायचो ना गं तुला. बसला का रंग. तू म्हणायचीस बसला." त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. "मना तेवढं एक लागलं."

मी रडले. उतरताना त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं, "पोरीचं काय नाय, तिला ठसका लागला." दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे आले आणि आल्या आल्या ओरडले, "आज वार कोनाचा, थोरलीचा का धाकटीचा?" जणू काही झालंच नव्हतं.

दुपारी मालकांनी पुन्हा बाहेरच्या खोलीत बोलावून दार ओढून घेतलं. "काल नशिबाने निभावलं. पण चाकं फिरवून रंग जुळवणारा माणूस मी ठेवू शकत नाही. एक तारखेपासून त्यांच्या जागी तू."

"पेंटर जाणार असतील तर मीही येणार नाही," मी म्हटलं. मनातून जरा अभिमानही वाटला, हेही सांगून टाकते.

मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही दोघांनी ठरवून ठेवलंय का हे?"

"म्हणजे?"

"दिवाळीच्या आधी मी त्यांना विचारलेलं. म्हटलं, एवढं शिकलात, थोडा कोडही शिकून घ्या, एकटेच सांभाळा सगळं. मुलीला मोकळं करू, तिचे वडील तसंही बँकेचं म्हणतायत. इथेच उभे होते, चहा पीत. ती नाय तर मी पन नाय, म्हणाले. कप खाली ठेवला नाही की विचार केला नाही. आणि आता तू." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "बसा दोघंही. जा, काम कर."

मी दार उघडलं. आत पेंटर मॉनिटर रस्त्याकडे फिरवत होते. मी उंबऱ्यातच उभी राहिले. त्यांना चहाचा घोट गिळण्याइतकाही वेळ लागला नव्हता. मला पंधरा दिवस लागले होते.